मामांची ब्यूक

बाई असून मला गाड्यांतलं कळतं, याचं लोकांना अजूनही नवल वाटतं. अहो, मोटर मेकॅनिकच्या पोरीला गाड्यांतलं नाही कळायचं तर काय कशिदाकाम कळायचं? संगमनेरात पुणे-नाशिक रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या आणि मधे एक दार, जे कधी बंद झाल्याचं मला आठवत नाही. आईनं फोडणी टाकली की शेडमधली माणसं शिंकायची आणि शेडमध्ये कुणी इंजिन रेस केलं की आमच्या वरणाला धुराचा वास यायचा. आई म्हणायची, "तुम्हा बापलेकींना साबण लावून उपयोग नाही, रॉकेलच पाहिजे."

माझा खरा नाद जुन्या अमेरिकन गाड्यांचा. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला रस्त्यावर दिसायच्या त्या ट्रक, एसटी आणि असल्या तर चार-दोन साध्या देशी मोटारी. बाहेरच्या मोटारी यायच्या कधीच्या बंद झाल्या होत्या. आधी आलेल्या होत्या त्या ह्याच्या हातून त्याच्या हातात फिरत फिरत आमच्याकडच्या बागाईतदारांपर्यंत, डॉक्टरांपर्यंत, तंबूतल्या सिनेमावाल्यांपर्यंत येऊन पोचल्या होत्या. आठवड्यातून एखादी आमच्या दारावरून जायची आणि त्या वेळी मी भाकरी थापत असले तर ती भाकरी तव्यावर जळायची.

काय एकेक गाड्या होत्या! प्लायमाउथच्या नाकावर शिडाचं जहाज असायचं. प्रवरेचा पूल सोडला तर जिनं आयुष्यात पाणी बघितलं नाही अशा गाडीला जहाज कशाला, असं मला वाटायचं. डिसोटो दात विचकत यायची. स्टुडबेकर पुढून आणि मागून सारखीच. ती येतेय का जातेय हे धूर बघून ठरवायचं. एकदा मी नुसत्या आवाजावरून, न बघता, "हडसन आली" म्हणून आतून ओरडले आणि खरंच हडसन निघाली. तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे एकदा नीट बघितलं. तेवढंच. शाबासकी देण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती.

गाडी ओळखायला मला दादांनीच शिकवलं. "तोंड बघून फसू नको," ते म्हणायचे, "तोंड बदलता येतं. बाजूनं बघ, मागून बघ, खाली वाकून बघ." ते खरंच होतं. पार्ट मिळायचे नाहीत म्हणून लोक एकीचा बंपर दुसरीला आणि तिसरीची जाळी चौथीला लावायचे. पण दादांच्या नजरेतून काही सुटायचं नाही आणि गाडीच्या बाबतीत ते कधी खोटंही बोलायचे नाहीत. एक डॉक्टर नवं इंजिन बसवलं म्हणून मोठ्या कौतुकानं दाखवायला आले, तर दादा म्हणाले, "साहेब, हे इंजिन तुमच्या गाडीपेक्षा म्हातारं आहे." डॉक्टर पुन्हा आमच्या गॅरेजची पायरी चढले नाहीत. आई चिडली, तर दादा म्हणाले, "मी मेकॅनिक आहे, भाट नाही." बाकी व्यवहारात त्यांच्याइतका भिडस्त माणूस शोधून सापडला नसता, पण गाडीपुढे भीड नाही.

हाच गुण माझ्यात उतरला, फक्त भिडस्तपणा तेवढा उतरायचा राहिला. मी बी.ए. झाले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, तेवीस वर्षांची झाले आणि माझी दोन स्थळं मोडली. एकांना माझ्या नखांतलं ग्रीस दिसलं. दुसऱ्यांच्या मुलानं आपल्या स्कूटरची बढाई मारली आणि मी त्याला क्लच प्लेट गेल्याचं सांगितलं. गेलीच होती हो! आवाज येत होता. पण आईनं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसरं स्थळ आलं ते राहात्याचं आणि त्या स्थळासाठी मात्र माझा जीव अडकला होता. कारण तो मुलगा मी आधी बघितलेला होता. सहा महिन्यांपूर्वी एसटी पंक्चर होऊन आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा उतारूंतला एकजण सावलीला म्हणून शेडमध्ये आला. साखर कारखान्यात केमिस्ट होता. शेडमधल्या गाडीकडे बघत तो म्हणाला, "डॉज दिसतेय." मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवत म्हटलं, "डिसोटो आहे. दात मोजा." बाकीचे पुरुष अशा वेळी ओशाळतात नाहीतर चिडतात. हा खाली बसला, बोट लावून खरोखरच दात मोजले आणि म्हणाला, "नऊ. मान्य." असा माणूस मला पुन्हा कुठे मिळणार होता? मला तर तो तिथल्या तिथे आवडला. त्यालाही मी आवडले असणार, कारण निरोप त्याच्याकडूनच आला.

त्याला वडील नव्हते. मामांनी वाढवलेला, म्हणून मामांचा शब्द शेवटचा. मामा म्हणजे पेरूच्या बागा असलेले मोठे असामी, आणि त्यांची ओळख आमच्यापर्यंत त्यांच्या आधी पोचली होती ती अशी: 'ब्यूकवाले मामा'. राहात्यापासून कोपरगावापर्यंत त्यांना ह्याच नावानं ओळखत. मध्यस्थानं बजावून सांगितलं होतं, "त्यांच्यापुढे ब्यूकचं कौतुक करा, निम्मं काम होईल." आईनं मला देवापुढे उभं करून शपथ घातली. "विचारलं तेवढंच बोलायचं. आणि गाड्यांबद्दल एक अक्षर नाही." मी कानाला खडा लावला.

तुळशीचं लग्न होऊन महिना झाला असेल. दुपारी चारच्या सुमाराला मंडळी यायची होती. मी आत पोह्यांवर खोबरं पेरत होते, तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला आणि माझा हात थांबला. ब्यूकला आठ सिलिंडर असतात. हे आठ नव्हते, सहा होते. मी खोबऱ्याचा हात पदराला पुसत खिडकीच्या गजांशी धावले.

पांढरीशुभ्र, गुबगुबीत गाडी. पालथी घातलेली मोठी परात जशी दिसेल तशी. मागचीच नाही, पुढचीही चाकं मडगार्डांनी अर्धी झाकलेली, जसा काही पायघोळ परकरच घातलाय. अशी गाडी जगात एकाच कारखान्याची, आणि ती ब्यूक नव्हे. ती नॅश होती. दादांकडे अमेरिकेतलं एक जुनं मासिक होतं, कुठल्याशा पार्टाच्या खोक्यातून आलेलं. त्यात तिचं चित्र होतं आणि त्या पानाला मी लहानपणी इतकी बोटं लावली होती की ते पान मऊ पडलं होतं. ती नॅश आमच्या दारात उभी! नवरा मुलगा उतरला, त्याच्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

मग मला बॉनेटच्या बाजूची भोकं दिसली. ब्यूकच्या कुशीला अशी गोल चकचकीत भोकं असतात, ती तिची खूण. इथे ती होती, दोन्ही बाजूंना तीन-तीन, पण एका रेषेत नव्हती. कुणीतरी बाजारातून आणून स्क्रूनं बसवलेली. म्हणजे मामांना कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत टोपी घातली होती आणि पंधरा वर्षं ते ती टोपी दिमाखात मिरवत होते.

दादा पुढे होऊन स्वागत करत होते. त्यांची नजर एकदाच गाडीवरून फिरली, पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत. त्यांना कळलं हे मला कळलं. पण ते नुसतं "या, या," म्हणाले आणि सगळ्यांना आत घेऊन आले.

मामा धिप्पाड, मिशीवाले, फेटेवाले. मामी बारीकशा, पाठीच्या दुखण्यानं वाकलेल्या. त्यांना भिंतीशी तक्क्या देऊन बसवलं. मुलगा कोपऱ्यात, मान खाली. मी पोहे दिले, नमस्कार केले, पाटावर बसले. मामींनी विचारलं, "सैपाक येतो का गं?" मी म्हटलं, "येतो." मामांनी विचारलं, "शाळंत काय शिकवती?" मी म्हटलं, "इंग्रजी." आई दारामागे उभी राहून एकेका उत्तराला मान हलवत होती. सगळं कसं छान चाललं होतं.

मग मामा गाडीवर आले. अर्धा तास ब्यूक. एका पारशी शेटजीच्या बंगल्यातून ती कशी आणली, कसारा घाटात ट्रक कसे बाजूला झाले, राहात्याच्या बाजारात पहिल्यांदा उभी केली तेव्हा लोकांनी बाजार सोडून कशी गर्दी केली. "आख्ख्या नगर जिल्ह्यात येकच ब्यूक हाय," मामा म्हणाले. मी पोह्यातल्या शेंगदाण्यांकडे बघत बसले. ब्यूक आमच्या दारावरून महिन्याला दोन तरी जायच्या. पण शपथ म्हणजे शपथ.

आणि तेवढ्यात मामांनीच गाठलं. "पोरीला गाड्यातलं लई कळतं म्हनं. आमच्या भाच्यानं सांगितलं. सांग बरं पोरी, आमची गाडी कोनची?"

मी दादांकडे बघितलं. दादा छताकडे बघत होते. मुलाकडे बघितलं, त्यानं डोळे मिटून घेतले होते. मुकाट्यानं 'ब्यूक' म्हणायचं, बस्स. दोन अक्षरं. आणि त्या दोन अक्षरांवर माझं सगळं आयुष्य होतं, हे मला ढळढळीत दिसत होतं. तरी जीभ वळेना. दादांच्या देखत गाडीचं नाव चुकीचं सांगायचं?

"मामा, खरं सांगू?"

"खरंच सांग की."

"नॅश."

"काय?"

"नॅश, मामा. आपली गाडी नॅश आहे."

मामींनी तोंडावर हात घेतला. मध्यस्थाच्या घशात पोहे अडकले. मामांच्या मिशा थरथरल्या. "शुभ कामाला दारात आलोय आन पोरगी म्हनती नाश हाय?"

"नाश नाही मामा, नॅश! गाडीचं नाव आहे ते. अमेरिकन आहे."

"आमच्या गाडीचा नाश?"

"अहो नाही! थांबा, लिहून दाखवते." आता मी इंग्रजीची मास्तरीण, मला वाटलं लिहिलं की प्रश्न मिटेल. कोनाड्यातली पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत चारही अक्षरं काढली. मामा सहावीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी पाटी हातात घेऊन एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "येन. ये. येस. येच." मग वर बघून म्हणाले, "नाश! हिनं लिवूनबी दिलं!"

दारामागे आई मटकन खाली बसली.

तेव्हा दादा उठले. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मामा, पोरगी चुकली. लहान आहे. ब्यूकच आहे आपली. मी बघताक्षणीच ओळखली."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. डॉक्टरांपुढे न वाकलेले माझे दादा हात जोडून, मान खाली घालून, गाडीचं नाव खोटं सांगत होते. माझ्यासाठी. त्यांचे कान लाल झाले होते. मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त संताप आला, कुणाचा ते कळेना, बहुतेक माझाच. मी पाटावरून उठले. दाखवायला बसलेली मुलगी अशी आपल्या मनानं उठत नाही, मला माहीत होतं. "दादा, तुम्ही असं नका बोलू," म्हटलं आणि पदर खोचून सरळ बाहेर गेले.

सगळी मंडळी माझ्यामागे. आमच्या शेजारच्या बायका ओट्यावर मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, त्याही सुपं बाजूला ठेवून आल्या. मी ब्यूकच्या, म्हणजे नॅशच्या, कुशीतल्या पहिल्या भोकात बोट घातलं. अर्ध्या पेरावर बोट अडलं.

"मामा, बोट घाला."

मामांनी बोट घातलं. त्यांचंही अडलं.

"भोक आहे पण आरपार नाही. वरून बसवलंय. हे स्क्रू बघा. आणि बॉनेट उघडा, आत पट्टीवर नाव असेल."

बॉनेट मुलानं उघडलं. पट्टीवरचं ऑइल मी हातातल्या रुमालानं पुसलं, मोठ्या हौसेनं भरतकाम केलेला रुमाल होता तो, आणि तीच चार अक्षरं वर आली. मामांनी ती वाचली. मग पुन्हा एकदा त्या भोकात बोट घातलं आणि तसेच उभे राहिले.

मी जिंकले होते. आणि मामांचं तोंड बघितलं तर मला कुठे तोंड लपवू असं झालं. एवढा धिप्पाड माणूस, फेटा बांधून आलेला, परक्या गावात विड्या वळणाऱ्या बायकांसमोर पंधरा वर्षांनी फसवणूक कळून उभा होता. कुणीतरी फिसकन हसलं. मला त्या बाईचा इतका राग आला! आणि हे मी केलं होतं.

मग मी बोलत सुटले. काहीही करून त्या माणसाच्या मिशा पुन्हा वर आल्या पाहिजेत एवढंच मला कळत होतं. म्हटलं, "मामा, ब्यूक इथून महिन्याला दोन-तीन जातात. आम्ही आता मान वर करूनसुद्धा बघत नाही. ही मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. पुढची चाकं अशी झाकलेली दुसरी एक गाडी दाखवा मला. आणि हे बघा, वेगाचं, पेट्रोलचं, सगळी घड्याळं एकाच डब्यात, स्टिअरिंगच्या मागे, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. ब्यूकमध्ये आहे असं? त्या माणसानं तुम्हाला फसवलं म्हणता, अहो, गाढव होता तो! हिऱ्यावर काचेचे खडे चिकटवले त्यानं."

मामा गाडीकडे बघायला लागले. नव्यानं बघावं तसं.

"आणि हिचं सीट झोपतं," मी म्हटलं.

"काय करतं?"

"झोपतं. पलंग होतो त्याचा. मासिकात चित्र आहे."

सीटच्या बुडाशी एक मूठ होती, गंजून घट्ट बसलेली. मामा म्हणाले, त्यांना वाटायचं ती बॅग अडकवायला आहे. दादा ऑइलचा डबा घेऊन आले. त्यांनी चार थेंब सोडले, मुलगा गुडघ्यावर बसून मूठ ओढायला लागला, आणि मी पाठ रेटत होते. एकदम खट्ट झालं आणि ड्रायव्हरच्या शेजारची अर्धी पाठ मागे आडवी झाली, मागच्या सीटला जाऊन टेकली. मी सीटवर उताणी. पायांतले पैंजण वर. दाखवायच्या कार्यक्रमातलं आईचं उरलंसुरलं अवसानही तिथे संपलं.

पण मामी पुढे आल्या. त्यांनी सीटवर हात फिरवला, आत शिरल्या, आणि लुगडं सावरून सपशेल आडव्या झाल्या. एकदा डोळे मिटले. "आगं बया," त्या म्हणाल्या, "पंदरा वर्सं मी हिच्यात पाठ मोडून घेतली! आवो, मी आता न्हाई उठत. मला अशीच घरी न्या."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. निघताना दादांना म्हणाले, "कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय हे मुलगी दाखवलेल्या कुठल्याही घराला विचारा. गाडी वळली, मामींचे फक्त पाय दिसत होते. मुलानं मागच्या काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मी आत जाऊन हमसाहमशी रडले. आईनं ओरडायचंही सोडून दिलं होतं. दादांनी त्या दिवशी कुठल्याच गाडीला हात लावला नाही. मी त्यांना म्हटलं, "दादा, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुझं नाव बरोबर होतं." आणि हात धुवायला गेले.

चौथ्या दिवशी सकाळी सहा सिलिंडरांचा आवाज आला. मी शाळेत निघाले होते, दारातच थबकले. गाडीतून मामा उतरले, बरोबर भाचा. आणि गाडीच्या कुशीतली चकचकीत भोकं नव्हती. त्यांच्या जागी स्क्रूंची बारीक बारीक खरी भोकं होती, गंजाच्या ओघळांसकट.

मामा दादांना म्हणाले, "काडून टाकली. आता येवढी भोकं बुजवून द्या." मग स्टुलावर बसले. म्हणाले, "ह्यो माझा भाचा. ह्याला कालेजात आसल्यापासून ठाऊक हुतं म्हनं. आमच्या मिस्त्रीलाबी ठाऊक हुतं. समदे मला सांबाळून घेत हुते. मेकॅनिक, खरं सांगा, तुमाला कवा कळलं?"

"रस्त्यावरून वळली तेव्हाच."

"मंग ब्यूक का म्हनलात? तुमी तर डागदरालाबी सोडलं न्हाई म्हनत्यात."

दादा हातातलं फडकं पिळत राहिले. "पोरीचं लग्न होतं, मामा."

मामांनी भाच्याकडे बघितलं. मग उठले, दादांच्या ग्रीसच्या हातांत आपला हात दिला आणि म्हणाले, "हुतं न्हाई. हाय. मुहूर्त काडा. आमच्या घरात त्वांडावर बोलनारं येक मानूस पायजेच हाय."

मी दाराआड होते. त्या दिवशी शाळेत मी पहिल्या तासाला वर्गाला चुकून इतिहास शिकवला.

आता नावाचा घोळ राहिलाच होता. दादांनी भोकं बुजवली, पुट्टी घासली, पांढरा रंग मारला. मामा म्हणाले, आता खोटं नको, जे नाव हाय ते गाडीवर लिवायचं. ट्रकवर फुलं-मोर काढणारा आमच्या शेजारचा पेंटर आला आणि त्यानं बॉनेटवर लाल अक्षरांत चोख 'NASH' लिहिलं. पण मामींनी बघितलं मात्र, त्या म्हणाल्या, "ह्या गाडीतनं लेकराची वरात? नाश लिवून? मी न्हाई पाऊल टाकत!" आमच्या आईचंही तेच म्हणणं. मामा दोन्हीकडून कोंडीत सापडले. माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझं इंग्रजी लई हाय, काड काही तोडगा." मी तोंडातल्या तोंडात स्पेलिंगं जुळवत राहिले. मामा बॉनेटपुढे फेऱ्या घालत राहिले. मग एकदम थांबले आणि मांडीवर थाप मारली.

"पेंटर, फुडं दोन अक्षरं लाव. आय आन के."

पेंटरनं लावली. NASHIK. मामी खूश. नाशिकला कुणी नाश म्हणतं का?

लग्न आमच्या दारातच झालं, शेडमधल्या गाड्या बाहेर काढून. दुपारी राहात्याला निघायचं होतं. झेंडूच्या माळा घातलेली गाडी रस्त्यावर उभी, बँड वाजतोय, मामी आधीच पुढच्या सीटवर आडव्या झालेल्या. मी आणि माझा नवरा मागे उरलेल्या जागेत बसलो. आई रडत होती, शेजारच्या बायका रडत होत्या. दादा मात्र सकाळपासून कोरडे. मडगार्डवर हात ठेवून उभे होते, बुजवलेल्या भोकांच्या जागी बोट फिरवत.

गर्दीतून कुणीतरी मामांना विचारलं, "मामा, ही कोणती हो गाडी?"

मामांनी मिशीवर हात फिरवला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नाशिक! नाशिकलाच बनत्यात ह्या. लई थोड्या हायत." मग खिडकीतून वाकून माझ्याकडे बघितलं. "व्हय ना सूनबाई? तुला समदं ठाऊक आस्तंय."

बँड तेवढ्यातच थांबला होता. माझा नवरा हारात तोंड घालून बसला. दादांचं बोट मडगार्डवर थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय, मामा," मी म्हटलं. "नाशिकच आहे."

आणि दादा भर रस्त्यात, बँडवाल्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागले.